दोन्ही दारांना आतून कडी

परतवाड्याला मी हौसेने गेले नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर शेजारच्या मेळघाटचं नाव ऐकून लोक मला वाघ विचारतात. वाघ पाहिला नाही. धुकं पाहिलं, भरपूर. आमच्या पुण्याच्या साहेबांनी पाठवताना मधाचं बोट लावलं होतंच, "पाऊस सरत आलाय, काम झालं की चिखलदरा करून या." काम काय, तर एका नर्सबाईंनी धोक्याची घंटा ऐकून न ऐकल्यासारखी केली की आमचं वायफाय खोटं बोललं, याचा निकाल लावायचा.

माझा धंदा वायफायचा. घरात मोबाइलला लागतं तेच, पण मी इस्पितळं, कारखाने असल्या ठिकाणी बसवते. परतवाड्याच्या त्या इस्पितळात आम्ही नव्या तऱ्हेचं बसवलं होतं, एकाच यंत्राला एकाच वेळी दोन वाटा देणारं. आमच्या भाषेत मल्टी-लिंक. माझ्या बहिणीला मी ते असं समजावलं होतं. एकत्र कुटुंब आहे आणि बाथरूम एकच. सकाळी प्रत्येक जण कान लावून बसतो. आत कोणी नाही असं वाटलं की लगेच धावायचं नाही, घटकाभर थांबायचं, कारण दुसराही त्याच वेळी धावत असणार. ज्याची गाडी चुकणार असेल त्याने कमी थांबायचं, निवृत्त माणसाने जास्त. वायफायची हवा अशीच आहे, एका वेळी एकानेच बोलायचं. आता नव्या तऱ्हेत बाथरूमं दोन झाली, जे मोकळं दिसेल तिथे शिरा. अडचण एवढीच, की एकात शिरलेल्याला दुसऱ्याची कडी ऐकू येत नाही. बाहेर आलं की त्याने पुन्हा कान लावून अंदाज घ्यायचा. ही ताळमेळाची कटकट सांभाळणं म्हणजे माझी नोकरी.

बहीण म्हणाली, "एवढं शिकून हेच करतेस होय?" असो.

अमरावती

बडनेऱ्याला उतरून अमरावतीत शिरले तेव्हा आभाळ भरलेलं होतं, पण पडत काही नव्हतं. हवा नुसती अंगाला चिकटत होती. पहिलं काम, ज्यांचा जीव जाता जाता वाचला त्या गुरुजींना भेटायचं. हृदयाच्या दुखण्यातून उठून ते इथे भावाकडे विश्रांतीला आले होते.

गुरुजी पलंगावर पाठ टेकून माझ्याकडे हसऱ्या चेहऱ्याने पाहत राहिले. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी, कुसुमताई. आधी मला बसवलं आणि पुढ्यात गिला वडा ठेवला. दह्यात भिजवलेला उडदाचा वडा आणि वर हिरवी चटणी, अशी की माझ्या कानातून वाफा निघाल्या. पुण्यात पाहुण्याला आधी "काय घेणार?" असं विचारतात आणि त्याने "काही नको" म्हटलं की सुटतात. इथे विचारणं नाही. समोर येतं ते खायचं.

"दुपार होती," कुसुमताई सांगू लागल्या. "मले आयसीयूत बसू देल्लं होतं. मी पंख्याकडे पाहत बसली होती. अन् यायच्या खाटेपाशी मशीनची लाल बत्ती लागली. आवाज बारीक, ठेवतातच बारीक, बाकीच्यायची झोपमोड होऊ नये म्हनून. म्या म्हनलं, सिस्टरच्या टेबलावर वाजलं असन, येतीन थ्या. थांबली. कोनीच नाही आलं. यायचे ओठ निळे पडले तवा मी बोंबलत बाहेर गेली. थे बाई टेबलापाशीच बसून होती! वही लिहून राहिली होती! म्हनते, माझ्याकडे काहीच वाजलं नाही."

"मग धावल्या ना त्या?"

"धावली. वाचवलं तिनंच, खोटं काहून बोलू? पन आधी काहून नाही आली? मले उत्तर पाहिजे, मॅडम. तिले काढलं पाहिजे तठून." मग त्यांचा आवाज एकदम उतरला. "एक सांगू? हसू नका. त्या दुपारी तठी आखीन कोनीतरी होतं. बाजूची खाट रिकामी होती, चादर काढलेली. पन तिची मशीन पेटून होती. वर सरळ रेघ. जसं कोनाले तरी बलावून राहिली."

मी हसले नाही, पण टिपूनही घेतलं नाही. घाबरलेल्या माणसाला रिकाम्या खाटेवरही कोणीतरी दिसतं, एवढंच मनात आलं. दुसरा वडा मात्र मी मागून घेतला.

परतवाडा

एसटीने परतवाड्याला निघाले. दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा, मधून मधून काळं रान, आणि परतवाडा जवळ आलं तसे पुढे डोंगर दिसू लागले. त्यांचे माथे ढगात गेलेले. गाव बाजाराचं. लाकडाच्या वखारी, रस्त्याच्या कडेला माणसं कोंबणाऱ्या जीपा. इस्पितळ मुख्य रस्त्यापासून जरा आत, दुमजली. वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभाग. सहा खाटा, काचेचं दार, आणि दाराबाहेर पॅसेजमध्ये नर्सचं टेबल. प्रत्येक खाटेशी एक मॉनिटर, म्हणजे ठोके, दाब, श्वास दाखवणारं यंत्र. काही बिघडलं की ते वायफायवरून टेबलाला कळवतं आणि टेबल ठणाणा करतं. निदान तसं व्हायला हवं.

टेबलापाशी सुनंदा सिस्टर. उंच, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. मला पाहून त्या उठल्या नाहीत.

"तुमीच का थ्या पुन्याच्या? मशीन खरी हाये असं सांगाले आल्या?"

"अजून काही सांगितलेलं नाही मी," मी म्हटलं. मलाही राग येतो. "तपासायला आलेय."

"मंग तपासा. शनवारी डॉक्टरसाहेबायची मिटिंग हाये. तुमी म्हनलं मशीन बरोबर, की मी घरी. अन् नुसती घरी नाही, खोटारडी म्हनून घरी. दुसरीकडे कोन ठेवते मंग?"

सगळ्यांसमोर, असं धडधडीत. पुण्यात हेच वाक्य चार वळणं घेऊन आलं असतं आणि चहानंतर.

दिवस मावळेपर्यंत मी एकेका खाटेपाशी गेले. खोटे धोके उभे केले, तारा काढल्या, लावल्या. टेबल दर वेळी वाजलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. दोन्ही वाटा मोकळ्या, सगळी यंत्रं शहाण्यासारखी आळीपाळीने बोलत होती. इतकं नीट काम मी मोठ्या शहरातल्या इस्पितळातही पाहिलेलं नाही. लॅपटॉप मिटताना मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण काचेच्या पलीकडून सिस्टर माझ्या तोंडाकडे पाहत होत्या आणि त्यांना कळलं होतं.

त्या संध्याकाळी त्याच बाई मला जेवायला घरी घेऊन गेल्या. मी नको नको म्हटलं, पण ऐकणार कोण. "हाटेलातलं काय खाता? मिटिंग वेगळी, जेवन वेगळं." पातोडीचा रस्सा केला होता, बेसनाच्या वड्या तिखटजाळ रश्श्यात पोहत असलेल्या, आणि ज्वारीची भाकर. इकडे बायकाही "मी जातो, मी करतो" म्हणतात. आधी कानाला खटकतं, मग गोड वाटायला लागतं.

"मशीन खोटं बोलते का वो, ताई?" त्यांनी भाकर वाढता वाढता विचारलं.

"मशीन खोटं नाही बोलत."

"मंग मी बोलतो." त्यांनी भाकर माझ्या ताटात टाकली. "या हातानं गंज लोक वाचवले, गंज लोकायचे डोये मिटवले. मले रागीट म्हना, तोंडाची फाटकी म्हना. पन खोटारडी आजवर कोनी नाही म्हनलं. थ्या गुरुजीच्या बायकोनं म्हनलं, अन् मले झोप नाही."

मी भाकर मोडत राहिले. माझ्या मनात अहवाल तयार होता, आणि तो त्यांच्या विरोधात होता. त्यांचा फोन नंबरही मी घेतला नाही. जिच्याबद्दल लिहायचं तिचा नंबर जवळ ठेवू नये, हे माझं शहाणपण.

घाट

सकाळी काम उरलंच नव्हतं. म्हटलं, साहेबांचं मधाचं बोट चाटून घेऊ. इस्पितळाच्या आवारात पेशंटची ने-आण करणारी पांढरी गाडी निघायच्या तयारीत होती. ड्रायव्हर गजूभाऊ, गोल चेहऱ्याचे, गळ्यात मफलर. चिखलदऱ्यावरूनच पुढे जाणार म्हणाले.

"बसा नं समोर. मांगं पेशंट हाये, त्याचा पोरगा हाये."

"सीरियस आहे का?"

"नाही," गजूभाऊ म्हणाले. "आता काही नाही त्याले."

मी आपली निवांत बसले. धामणगाव गढी मागे टाकून गाडी घाटाला लागली आणि धुकं खाली उतरून आलं. आधी झाडांचे शेंडे गेले, मग झाडं, मग रस्त्याची कड. गजूभाऊ प्रत्येक वळणावर हॉर्न देत होते आणि समोरून उत्तर येत नव्हतं. मागे सगळं शांत. आजारी माणूस कण्हतो, खोकतो, पाणी मागतो. मागे यातलं काही नव्हतं. मी वळून जाळीतून पाहिलं. एक पन्नाशीचा माणूस खाली मान घालून बसला होता, आणि त्याने आपला हात एका पांढऱ्या गाठोड्यावर ठेवला होता. गाठोडं माणसाएवढं लांब होतं.

"गजूभाऊ," माझा आवाज मलाच परका वाटला, "ते..."

"बाबा गेले नं पाहाटे. खाट चारचे. घरी नेऊन राहिलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले सांगतलं नाही का कोनी? बाप्पा! तुमी भेल्या का?"

भ्यालेच होते. काल दुपारी मी खाट चारच्या बाबांच्या छातीवरच्या तारा स्वतः तपासल्या होत्या. त्यांनी डोळे उघडून मला काहीतरी विचारलंही होतं, मला ती भाषा कळली नव्हती. त्यानंतरचा रस्ता मी पुढच्या काचेकडे पाहत काढला. काचेत धुक्याशिवाय काही नव्हतं, आणि तरी मागून कोणीतरी आपल्याकडे पाहतंय हे मानेवर कळत होतं.

चिखलदऱ्याच्या स्टँडपाशी त्यांनी मला उतरवलं. मी आभार मानले. गजूभाऊ घाईत होते.

"थांबत नाही, ताई. लांब जा लागते, पार आतल्या गावात. मी फोन करीन तवा सिस्टर मशीन बंद करतीन."

"कुठली मशीन?"

"बाबायची. खाटेवरची. आमच्या वार्डात तशीच रीत हाये नं. मांगं एकदा एक पोरगं गेलं. त्याची माय खाली चहा घ्याले गेलती. थे वर येते तं मशीन बंद, पडदा काळा. तिनं अशी आरोळी ठोकली, माझ्या लेकराचा दिवा काहून इझवला म्हने. तवापासून सुनंदा सिस्टर बंद करत नाही. टेबलावरच्या कम्प्युटरमंधून नाव काढतात, कागद करतात, पन खाटेवरची मशीन चालू. मानूस घरी पोचला, मी फोन केला, 'पोचवलं, करा बंद', की मंग हात जोडून बंद करतात." त्यांनी गिअर टाकला. "चांगलं वाटते मानसाले."

गाडी गेली. तांबडे दिवे दोन क्षण दिसले, मग तेही धुक्याने गिळले. मला ते ऐकून खरंच गलबलून आलं होतं. असली रीत कुठल्या नियमात लिहिलेली नसते.

पुढे कड्याशी एक टपरी होती. टपरीवाल्या बाईने इथलीच कॉफी दिली, कडू आणि जाड, आणि सोबत रबडी. समोर दरी आहे असं ती म्हणाली. मला कठड्याच्या पलीकडे नुसता पांढरा पडदा दिसत होता आणि त्यातून, बऱ्याच खालून, एका गुराच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. वाजे, थांबे, पुन्हा वाजे. बाकीच्या घंटांचा आवाज नाही, तीच एक. बाई म्हणाली, "एक गाय चुकली वाटते. बाकीच्या तिच्यासाठी उभ्या असतीन चूप."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

खाटेवरची मशीन चालू. टेबलावरून नाव काढलेलं.

तारा माणसाच्या अंगावर नाहीत, लोंबकळताहेत. मशीनला कसं कळणार की माणूस गेला? तिला वाटतं, तारा निसटल्या, ठोके लागत नाहीत, यापेक्षा मोठा धोका नाही. ती टेबलाला हाक मारते, आणि तिला सगळ्यांत आधी बोलायचा हक्क आहे. तो आम्हीच दिलेला, दोन्ही वाटांवर. टेबलाच्या यादीत त्या नावाचं कोणी नाही, टेबल उत्तर देत नाही. उत्तर नाही म्हणून ती पुन्हा हाक मारते. पुन्हा. पुन्हा. बाकीची यंत्रं कान लावून उभी, एका वाटेवर आवाज, दुसऱ्या वाटेवर आवाज, त्यांची पाळी येतच नाही. दोन्ही दारांना आतून कडी, आणि आत कोणी नाही.

कुसुमताईंना ती दिसली होती. बाजूची खाट रिकामी, मशीन पेटलेली, जसं कोणाला तरी बोलावून राहिली. त्यांनी शब्दन् शब्द खरा सांगितला होता आणि मी वड्याकडे पाहत होते! काल माझी तपासणी झाली ती सगळी जिवंत माणसांत. त्या वॉर्डात काल कोणी गेलंच नव्हतं.

आणि आज पहाटेपासून खाट चार हाका मारत होती. उरलेल्या खाटांवर माणसं होती.

मोबाइल काढला. रेंज नाही. "सकायपासून टावर बंद हाये," टपरीवाली म्हणाली. मी पैसे ठेवले आणि पळाले. गुडघे दुखतात माझे, तरी पळाले. स्टँडवर खाली जाणारी जीप भरल्याशिवाय हलेना. मी उरलेल्या जागांचंही भाडं देते म्हटल्यावर हलली. उतरताना धुकं तितकंच दाट. आत बसलेली माणसं मांडीवर पिशव्या धरून. ड्रायव्हर सावकाश चालला होता, त्याचं बरोबरच होतं, पण मला त्याला धरून हलवावंसं वाटत होतं. डोळ्यांपुढे सारखं तेच येई, काचेमागे कोणाचा तरी श्वास अडलाय, लाल दिवा लागलाय, आणि टेबलापाशी सिस्टर शांत बसून वाट पाहताहेत.

घाट उतरल्यावर रेंज आली. डॉक्टरांना फोन लावला, वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. सिस्टरचा नंबर माझ्याकडे नव्हता. त्या शहाणपणाला मी जीपमध्ये बसून मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

वॉर्डात

जिना चढले तेव्हा वर सगळं शांत होतं. सिस्टर टेबलापाशी बसल्या होत्या. टेबलाचा पडदा हिरवागार, सगळं ठीक. मी पॅसेजमध्येच लॅपटॉप उघडला. हवेचं चित्र समोर आलं. दोन्ही वाटा काठोकाठ भरलेल्या, आणि बोलणारं नाव एकच. खाट चार. खाट चार. खाट चार.

काचेतून मी आत पाहिलं. चादर काढलेली गादी, उशाशी पेटलेला पडदा, त्यावर सरळ रेघ. खाली छोट्या अक्षरांत तारा तपासा असं येत होतं, विझत होतं, पुन्हा येत होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. यंत्र आहे, मला ठाऊक होतं. तरी आला.

"सिस्टर, खाट चारची मशीन बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"गजूभाऊचा फोन नाही आला अजून."

"फोन येवो न येवो! तुमचं टेबल बहिरं झालंय. ती मशीन दोन्हीकडून सारखी हाक मारतेय आणि बाकी कोणालाच बोलायला मिळत नाहीये. त्या दिवशी गुरुजींचं हेच झालं!"

मी ओरडले होते. सिस्टर उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बघता बघता गेला.

"म्हंजे मेलेला मानूस जित्या लोकायले बोलू देऊन नाही राहिला?"

"माणूस नाही हो, मशीन!"

"थेच." त्या काचेकडे पाहत होत्या. "त्या दिवशी सकाळी... खाट दोनवरची पोरगी गेलती. घाटावरची. गाडी पोचाले सांज झालती. तिची मशीन..."

मी लॅपटॉपकडे वळले. "थांबा, मी इथूनच तिला गप्प करते. पडदा चालू राहील, रेघ दिसत राहील. फक्त हवेत बोलायचं बंद."

"म्हंजे बाबा आतून बलावत राहतीन, अन् कोनालेच ऐकू नाही येनार?"

"हो."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "असं नको."

दार ढकलून त्या आत गेल्या. खाट चारपाशी उभ्या राहिल्या, हात जोडले. "बाबा, तुमी अजून रस्त्यातच हावा. मले माफ करजा." आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला.

त्याच क्षणी टेबल किंचाळलं.

खाट पाच. लाल. ती हाक कधीपासून दाराशी उभी होती देव जाणे. सिस्टर वळल्या त्या मी पाहिल्याच नाहीत, मला दिसल्या त्या थेट पाचव्या खाटेवर वाकलेल्या. तिथल्या म्हातारीची ऑक्सिजनची नळी नाकातून सुटून उशीखाली गेली होती. म्हातारी झोपलेली दिसत होती. ती झोपलेली नव्हती. सिस्टरनी तिची मान वर केली, नळी बसवली, छाती चोळली, "वो माय, वो माय, श्वास घ्या, मी हावो अठी," असं म्हणत राहिल्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला रडू येत होतं. मग म्हातारीने एकदम मोठा श्वास ओढला आणि डोळे उघडून सिस्टरना वऱ्हाडीत एक सणसणीत शिवी दिली. इतकी गोड शिवी मी आयुष्यात ऐकलेली नाही.

डॉक्टर ऑपरेशन आटपून धावत वर आले. मी तोंड उघडायच्या आत सिस्टर बोलल्या.

"साहेब, त्या दिवशी टेबल वाजलं नाही. म्या खरं सांगतलं होतं. पन नाही वाजलं थे माझ्यामुळं. मेलेल्यायची मशीन मी चालू ठेवत होतो."

"तसं नाही," मी मध्ये पडले, जरा चढ्याच आवाजात. "नाव काढल्यावरही त्या यंत्राला आधी बोलायचा हक्क राहिला, ही आमच्या मांडणीतली चूक आहे. बंद करायला विसरलेलं यंत्र असतं तरी हेच झालं असतं. मी तसंच लिहिणार आहे, आणि आज संध्याकाळच्या आत तो हक्क काढून टाकणार आहे."

डॉक्टर खाट चारकडे पाहून म्हणाले, "शनिवारची मिटिंग रद्द. सिस्टर, तुम्ही जागा सोडायची नाही." आणि म्हातारीची नाडी पाहायला गेले.

मला वाटलं, सिस्टरना हायसं वाटेल. त्या खुर्चीत बसल्या, पदराने कपाळ पुसलं. त्यांची नोकरी राहिली होती, नावही राहिलं होतं. चेहऱ्यावर त्यातलं काही नव्हतं.

"गुरुजीच्या बायकोले तुमी सांगजा," त्या म्हणाल्या. मग मान हलवली. "नाही. मीच जातो अमरावतीले. मीच सांगतो."

मी मांडणी बदलत बसले. खाट चारवर धुतलेली चादर घातली गेली. दुपार कलत आली होती तेव्हा सिस्टरच्या खिशातला मोबाइल वाजला. गजूभाऊंचा आवाज मला पलीकडच्या खुर्चीतही ऐकू येत होता, पाठीमागे कुठेतरी बायकांचं रडणं.

"पोचवलं, सिस्टर. बाबा आले घरी. करा बंद."

सिस्टरनी काचेतून आत पाहिलं, त्या काळ्या पडद्याकडे.

"हो, गजूभाऊ," त्या म्हणाल्या, "करतो आता."

फोन कधीच कटला होता, तरी तो कानाला धरून त्या तशाच बसून राहिल्या.